अर्थशास्त्री डॉ. आंबेडकर, इटलीचा परेतो आणि आपल्या जमिनीचा तुकडा

(छत्रपति संभाजीनगर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. अर्थशास्त्र म्हणजे शहरांतल्या शिकलेल्यांची पोथी, तिचें आपल्याला काय? पण कापसाचें गाडें बाजारांत नेलें तर पदरांत काय पडलें, आणि तें तितकेंच कां पडलें, एवढाच त्या शास्त्राचा प्रश्न आहे. तो प्रश्न आपल्या चुलीपाशीं रोज निघतो. फरक इतकाच कीं, आपण त्याला नशीब म्हणून गप्प बसतों, आणि शास्त्रवाला कागद पेन्सिल घेऊन बसतो.

तर कागदावरचा एक हिशेब आधीं सांगतों. सरकारच्या शेतीगणतीप्रमाणें महाराष्ट्रांत १९७०-७१ सालीं एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, म्हणजे सुमारें साडेदहा एकर. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. पंचेचाळीस वर्षांत आजोबाच्या शेताचा नातवाच्या हातीं तिसरा हिस्सासुद्धां राहिला नाहीं. यावर पारावर बसणारे आणि कचेरींत बसणारे दोघेही एकच निदान सांगतात: तुकडे झाले म्हणून दारिद्र्य आलें, तुकडे जोडा म्हणजे दारिद्र्य जाईल. हें निदान खरें कीं खोटें, हें शंभर वर्षांपूर्वींच एका माणसानें तपासून ठेवलें आहे. त्या माणसाचें नांव या शहरांतल्या विद्यापीठाच्या दारावर आहे. घटनाकार म्हणून त्यांना सर्व ओळखतात. पण परदेशांतल्या त्यांच्या दोन मोठ्या पदव्या, कोलंबियाची व लंडनची, अर्थशास्त्राच्या होत्या, हें किती जणांना ठाऊक आहे?

पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं जरा इटलीला जाऊन येऊं. कारण कॉलेजांतून शिकून आलेलीं आपलीं मुलें हल्लीं एक म्हण सांगूं लागलीं आहेत: "ऐंशी-वीसचा नियम आहे, बाबा. वीस माणसांकडे ऐंशी टक्के माल असायचाच. तो निसर्गनियम आहे." ज्याच्या नांवावर ही म्हण खपते तो विल्फ्रेदो परेतो.

हा परेतो १८४८ सालीं पॅरिसांत जन्मला. बाप जिनोव्हाच्या उमराव घराण्यांतला, पण राजकारणामुळें देश सोडून आलेला, आई फ्रेंच. मुलगा तुरीन येथें इंजिनियर झाला, आधीं रेल्वे कंपनींत व मग लोखंडाच्या कारखान्यांत त्यानें नोकरी केली. म्हणजे हा पंडित नुसता पुस्तकांतला नव्हता. सरकार कारखानदारांना जकातीची भिंत बांधून देतें आणि तिचा भार गरीब गिऱ्हाइकावर पडतो, हें त्यानें जवळून पाहिलें आणि त्यावर सडकून लिहिलें. १८९३ सालीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें त्याला अर्थशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळाली. पुढें चुलत्याची दौलत मिळाली, तेव्हां जिनिव्हाजवळ सेलिनी गांवीं घर घेऊन तो राहिला, पुष्कळशीं मांजरें पाळलीं आणि जगावर रागावून जाडजूड ग्रंथ लिहिले. १९२३ च्या आगस्ट महिन्यांत तो तेथेंच वारला.

त्यानें केलेलें मोठें काम असें: देशोदेशींचे प्राप्तीवरील कराचे कागद जमविले आणि कोणत्या मिळकतीचे किती लोक आहेत हें मांडून पाहिलें. इंग्लंड घ्या, जर्मनीचें एखादें संस्थान घ्या, इटलीचें एखादें शहर घ्या. त्याला सगळीकडे साधारण एकच आकृति दिसली. पायाशीं गर्दी आणि शेंड्याला मोजकीं माणसें. ऐंशी-वीस ही म्हण मात्र त्याची नव्हे. ती पुष्कळ पुढें जोसेफ ज्युरान नांवाच्या अमेरिकेंतल्या एका इंजिनियरानें कारखान्यांतल्या दोषांची मोजदाद करतांना परेतोच्या नांवानें चालू केली. कारखान्यांतला खराब माल मोजण्याची ही युक्ति आपल्याकडे येईपर्यंत ब्रह्मवाक्य होऊन बसली! कोणाच्या पायांत काय आहे, म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर काय ठेवावें, याला कांहीं धरबंद नाहीं.

परेतोची दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे. तो म्हणे, राज्य कोणाचेंही असो, वर थोडेच बसतात. पण ते कायमचे बसत नाहींत. वरच्यांचें रक्त पातळ होतें, खालून दमदार माणसें चढतात, जुने गडगडतात. कांहीं सिंहासारखे बळानें राज्य करतात, कांहीं कोल्ह्यासारखे कपटानें, आणि रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणें हीं माणसें खालींवर फिरत राहतात. १९१६ सालीं त्याचा समाजशास्त्राचा मोठा ग्रंथ निघाला, त्यांत हा सारा विचार विस्तारानें आहे. माणूस आधीं भावनेनें वागतो आणि मग त्याला शहाणपणाचीं कारणें शोधतो, हेंही त्यानें त्यांत दाखविलें. मुसोलिनीच्या सरकारनें त्याला शेवटच्या वर्षीं सेनेटर नेमलें, त्यावरून लोक त्याला दोष देतात. त्या वादांत आज मी शिरत नाहीं.

आतां हा रहाट आपल्या या शहराला लावून पाहा. देवगिरीचे यादव गेले, दिल्लीचे सुलतान आले. निझामशाहीच्या काळांत मलिक अंबर नांवाचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, आपल्या कर्तबगारीनें वजीर झाला. त्यानें १६१० सालीं खडकी वसविली, तेंच हें शहर. परेतोला दाखला हवा असता तर याहून चांगला कोठें मिळाला असता? पुढें औरंगजेब आला, त्यानें आपलें नांव दिलें. मग निझाम आले, ते १९४८ च्या सप्टेंबरांत गेले. २०२३ सालीं शहराचें नांव पुन्हां बदललें. वरच्या पोहऱ्यांचा असा खडखडाट शतकानुशतकें चालला.

आणि खालीं? खालीं कुलकर्ण्याचें दप्तर कुलकर्ण्याच्याच घरीं राहिलें. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. येसकर वेशीवरच राहिला. वर तख्तावर कोण बसला आहे, हें त्याला दवंडी पिटण्यापुरतें समजे, आणि दवंडीही तोच पिटी. परेतोचा रहाट आपल्या वेशीपाशीं येऊन अडला. कां अडला?

याचें उत्तर परेतोच्या ग्रंथाच्याच वर्षीं, १९१६ च्या मे महिन्यांत, न्यूयार्कच्या कोलंबिया विद्यापीठांत एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें वाचलेल्या निबंधांत आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं गेलेला हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वर्ग सगळ्या देशांत आहेत. परंतु ज्या वर्गानें आपल्या भोंवतीं लग्नाचें कुंपण घातलें आणि आंतबाहेर जाणें बंद केलें, तो वर्ग जात झाला. एकानें दार लावलें, त्याचें पाहून दुसऱ्यानें लावलें, आणि शेवटीं ज्यांना कोंडून घ्यायचें नव्हतें तेही कोंडले गेले. इटलींतला वर्ग म्हणजे वाडा आहे, त्याला जिना असतो. आपली जात म्हणजे वाड्याचा असा मजला कीं ज्याला जिनाच नाहीं. पुढें १९३६ सालीं त्यांनीं याच विचाराला आणखी धार लावली. येथली विषमता पायरीपायरीची आहे. प्रत्येकाच्या पायाखालीं कोणी तरी आहे, म्हणून वरच्या पायाविरुद्ध सगळे एकत्र येत नाहींत. बंधूंनो, आपण माळी-कुणबी-कोष्टी म्हणवणारांनीं या जागीं जरा थांबून आपल्या पायाखालीं पाहावें. वरच्याचा जोडा आपल्याला बोंचतो; खालच्याला आपला बोंचतो, हें आपण सोयीनें विसरतों.

आतां जमिनीकडे येतों, कारण तोच आजचा खरा विषय.

१९१८ सालीं, विलायतेचा अभ्यास अर्धवट सोडून परत आलेले असतांना, बाबासाहेबांनीं हिंदुस्थानांतील लहान धारणांवर एक प्रबंध छापला. त्या वेळीं सरकारी अंमलदार, बडोद्याची कमिटी आणि बरेच विद्वान सांगत होते कीं, शेतें फार लहान आहेत, तीं एकत्र करून मोठीं करा. बाबासाहेबांनीं विचारलें: लहान म्हणजे कशाच्या मानानें लहान? शेत हें नुसतें बांधांनीं मोजावयाचें नसतें. जमीन, बैल, अवजारें, खत, पाणी आणि हात यांचा मेळ जमला तर दोन एकरही पुरेसे, आणि न जमला तर वीस एकरही पडीक.

हें घरच्या उदाहरणानें पाहूं. एका घरीं चार एकर रान आहे, विहिरीला पाणी आहे, जोडी गोठ्यांत आहे. शेजाऱ्याला दहा एकर आहे, पण बैल एक, तोही म्हातारा; पेरणीला तो दुसऱ्याच्या पाळीची वाट पाहतो आणि तोंवर वाफसा निघून जातो. आतां पहिल्याचें शेत लहान कीं दुसऱ्याचें? बाबासाहेबांनीं तर असें दाखविलें कीं, आपल्या शेतकऱ्यापाशीं भांडवल व अवजारें इतकीं कमी आहेत कीं, त्या मानानें त्याचें आजचें शेतसुद्धां लहान नसून मोठेंच आहे. तेंच आणखी मोठें करून दिलें तर तो आणखी बुडेल. हें वाक्य प्रथम ऐकतांना उलटें वाटतें; पण ज्यानें उसन्या जोडीवर पेरणी केली आहे त्याला तें लगेच पटेल.

मग दारिद्र्याचें मूळ कोठें? त्यांचें उत्तर असें: हात फार आणि काम थोडें. एका शेतावर चार भाऊ राबतात, पण काम दोघांचेंच आहे. उरलेले दोघे आळशी नाहींत, ते रिकामे ठेवले गेले आहेत. खातात मात्र चौघे. जमीन म्हणून तुटते कीं, तिच्यावांचून दुसरें कोठें पोट भरत नाहीं. तुकडे हें दुखणें नव्हे, दुखण्याची खूण आहे. सक्तीनें तुकडे जोडाल तर ज्याचा तुकडा गेला तो कोठें जाईल? तो भूमिहीन होऊन त्याच शिवारांत मजुरीला उभा राहील. म्हणून त्यांनीं उपाय सांगितला तो उद्योगधंद्यांचा: गिरण्या, कारखाने काढा, रिकाम्या हातांना तिकडे काम द्या, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल आणि शेतें आपोआप नीट आकाराला येतील.

१९२७ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत सरकारनें तुकड्यांवर विधेयक आणलें, तेव्हां बाबासाहेबांनीं हाच मुद्दा धरून विरोध केला. शेतें एकत्र करावयाचीं तर मालकी कायम ठेवून सहकारानें एकत्र कसा, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि त्यासाठीं त्यांनीं फ्रान्सचा व परेतोच्या इटलीचाही दाखला दिला. तुकडेबंदीचा व तुकडेजोडीचा कायदा मात्र मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं झालाच.

रुपयाची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती या भागांतल्या वृद्धांना चटकन् समजेल. निझामी राज्यांत हाली शिक्का चाले, बाहेर इंग्रजी कलदार. शंभर कलदारांना साधारण एकशें सोळा हाली मोजावे लागत. म्हणजे रुपया म्हटला तरी कोणता, आणि त्याला बाजारांत काय येतें, हें विचारावें लागे. इंग्रज सरकारनें १८९३ सालीं लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणें बंद केलें आणि रुपयाचा भाव आपल्या मुठींत घेतला. बाबासाहेबांनीं लंडनांत डी. एस्सी. साठीं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो १९२३ सालीं, परेतो वारला त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा असा कीं, रुपयाची विलायतेंतली किंमत स्थिर ठेवण्यापेक्षां, त्या रुपयाला घरीं किती धान्य येतें हें स्थिर राहिलें पाहिजे. आणि सरकारला वाटेल तितके रुपये पाडण्याची मोकळीक नको. रुपया उतरला कीं परदेशीं माल धाडणारा खूष होतो आणि देशाचा फायदा झाला म्हणून ओरडतो. पण तो फायदा येतो कोठून? भाव चढतात लगेच आणि मजुरी चढते सावकाश. मधलें अंतर मजुराच्या ताटांतून जातें. देशाचा फायदा असें कोणी म्हटलें कीं, देशांतल्या कोणाचा, हें विचारण्याची संवय त्यांनीं लावली. तीच दृष्टि घेऊन १९३७ सालीं त्यांनीं कोंकणांतली खोती नष्ट करण्याचें विधेयक आणलें, आणि १९३८ सालीं कामगारांच्या संपाचा हक्क आंवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप उभा केला.

या शहराशीं त्यांचा संबंध १९५० सालीं घट्ट झाला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें कॉलेज काढलें, तेंच मिलिंद महाविद्यालय. १९५१ च्या १ सप्टेंबरला राष्ट्रपति राजेंद्रप्रसादांनीं त्याची कोनशिला बसविली. निझामी राज्यांत विद्यापीठ एकच, तें हैद्राबादेस, आणि शिकणें उर्दूंत; तेव्हां कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला पदवी म्हणजे आकाशांतला चंद्र. मुंबई सोडून या मागासलेल्या मुलखांत कॉलेज काढण्यांत मला तोच १९१८ सालचा अर्थशास्त्री दिसतो: शेतावरचे रिकामे हात दुसऱ्या कामाला लावायचे तर त्या हातांत आधीं पुस्तक दिलें पाहिजे. येथल्या विद्यापीठाला त्यांचें नांव देण्याचा ठराव १९७८ सालीं विधिमंडळानें केला, त्यावर मराठवाड्यांत दलितांचीं घरें जाळण्यांत आलीं, आणि शेवटीं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. जाळणारांत तुकड्याचा धनी असलेलीं आपलीच मुलें होतीं. हें सांगतांना सभेंत चुळबुळ होते, ती होऊं द्या.

त्यांचा उपाय या शहरांत अर्धाच अंमलांत आला, असें माझें मत आहे. चिकलठाण्याला आणि वाळूजला कारखाने उभे राहिले. आतां शेंद्रा-बिडकीनलाही झाले आणि होत आहेत. पुष्कळ घरांतला एक भाऊ तिकडे गेला म्हणून दुसऱ्याच्या शेताला श्वास मिळाला, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु मुलाला वर्षानुवर्षें ठेकेदाराच्या हाताखालीं ठेवलें, तर तो शेतावरचा हक्क कसा सोडील? कारखाना केव्हां दार लावील याचा नेम नाहीं, म्हणून तो एक एकराला चिकटून राहतो, आणि तुकडा तुकडाच राहतो. हात जमिनीवरून उचलला खरा, पण दुसरीकडे टेंकूं दिला नाहीं. ज्यांनीं जमीन दिली आणि पैसा घेतला, त्यांच्या घरीं तो किती दिवस पुरला, हें प्रत्येकानें आपल्या गांवांत मोजावें. गाडी आली, बंगला आला. उत्पन्न देणारें कांहीं आलें कीं नाहीं, एवढें पाहावें.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मागें बसलेल्या मायबहिणींसाठीं. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनीं १९५१ सालीं मंत्रिपद सोडलें. मुलीला मुलाप्रमाणें जन्मानें वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानें १९९४ सालीं केला आणि साऱ्या देशासाठीं तो २००५ सालीं झाला. तेव्हांपासून प्रत्येक गांवांत एक नवें रडगाणें ऐकूं येतें: "बहिणीला दिलें तर रान उरेल काय? आधींच तुकडे झाले." मग राखीपौर्णिमेला साडी, आणि तलाठ्याकडे हक्कसोडपत्र. परेतो असता तर म्हणाला असता, लोभ आधीं आणि अर्थशास्त्र मागाहून! चार भावांत वांटतांना तुकडा दिसत नाहीं, पांचवी बहीण आली कीं दिसतो. तुकड्याचा खरा हिशेब १९१८ सालींच झालेला आहे: पाणी किती, जोडी किती, पैसा किती, काम किती. सासरीं दुसऱ्याच्या शेतावर राबणारी बहीण आपला वाटा भावालाच कसायला देऊन उत्पन्नाचा हिस्सा घेऊं शकते. तीन बहिणी मिळून एक विहीर पाडूं शकतात. सही करण्यापूर्वीं सात-बारा मागून घ्या, नकलेला फार पैसे पडत नाहींत.

वेळ बराच झाला आहे. ज्यांना कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं आतां विचारावें. पहिला प्रश्न मागच्या बाजूनें आला तर बरें.